मागाल तेव्हाच बनेल: लेझी लिस्ट आणि रोजगार हमी

तर मंडळी, या वीकेंडचा विषय 'लेझी लिस्ट'. नाव आळशी असलं तरी काम हुशारीचं आहे. नेहमीच्या लिस्टमध्ये आपण हजार ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतो आणि वापरतो त्यातले दहा. लेझी लिस्ट सुरुवातीला रिकामी असते. तिच्याकडे असते फक्त एक फॅक्टरी, म्हणजे ऑब्जेक्ट कसा बनवायचा याची कृती. कुणी सातवा घटक मागितला आणि तो नसेल, तर ती फॅक्टरीकडून बनवून घेते, जागेवर ठेवते आणि देते. पुढच्या वेळी तोच मिळतो. जावावाल्यांनी अपाचे कॉमन्स कलेक्शन्समधला 'लेझीलिस्ट' क्लास पाहिला असेल, तो हेच करतो.

कल्पना तशी जुनी. पीटर लँडिनने १९६५ मध्ये स्ट्रीम मांडले. १९७६ मध्ये फ्रीडमन-वाइज आणि हेंडरसन-मॉरिस या दोन जोड्यांनी आळशी गणनेवर वेगवेगळे पेपर लिहिले. त्याच दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने सीएलयू भाषेत इटरेटर आणले. पायथनमध्ये 'यील्ड' आलं २००१ साली, सी शार्पमध्ये २००५ साली.

आता गंमत बघा. ज्या दशकात हे पेपर लिहिले जात होते, त्याच दशकात आपल्या महाराष्ट्रात हाच विचार कायद्याच्या भाषेत उतरत होता. त्याचं नाव रोजगार हमी योजना.

त्याआधीची पद्धत काय होती? इंग्रजांच्या फॅमिन कोडप्रमाणे आधी सरकार दुष्काळ जाहीर करणार, मग दुष्काळी कामं निघणार. लिस्ट केव्हा भरायची हे वरचा ठरवणार. खाली माणूस उपाशी असला तरी वरून घोषणा होईपर्यंत थांबायचं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हे उलटं केलं. काम मागायचा हक्क मजुराचा, आणि मागितलं की काम काढायची जबाबदारी सरकारची. योजना १९७२ मध्ये जाहीर झाली आणि लगेच तो भीषण दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं आणि सुकडी, या आठवणी इथल्या आजी-आजोबांकडे अजून आहेत. घरी विचारून बघा.

कायदा झाला १९७७ मध्ये, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्याचं डिझाइन कुठल्याही प्रोग्रॅमरला ओळखीचं वाटेल:

फॅक्टरी: प्रत्येक तालुक्यासाठी कामांचे आराखडे आधीच मंजूर करून ठेवायचे. याला 'शेल्फ' म्हणतात. काम सुरू नसतं, पण त्याची कृती तयार असते.

कॉल: ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागायचं. १५ दिवसांत काम मिळालं पाहिजे.

डिफॉल्ट व्हॅल्यू: नाहीच मिळालं, तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान १ रुपया.

बॅचिंग: नवीन काम काढायला साधारण ५० मजूर लागणार. एकट्यासाठी तलाव खोदता येत नाही ना!

आता लेझी डिझाइनचा खरा धोका. चूक लगेच दिसत नाही, मागणी आल्यावरच दिसते. हायबरनेट वापरणाऱ्यांना हे सांगायला नको: सगळं कंपाइल होतं, टेस्ट होतं, आणि ऐन वेळी कळतं की सेशन तर बंद झालंय. इथेही तसंच. शेल्फ रिकामं आहे हे चांगल्या पावसाच्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. ते कळतं दुष्काळात, शंभर माणसं अर्ज घेऊन दारात उभी राहिल्यावर. शिवाय, अर्ज करता आला नाही तर हक्क असून नसल्यासारखा. कॉलच गेला नाही, तर सिस्टिमच्या दृष्टीने गरजच नाही! खोटी मस्टरं, अर्धवट रस्ते हे बग होतेच.

पण एक गोष्ट आपल्या लिस्टमध्ये नसते. आपले ऑब्जेक्ट काम झालं की गार्बेज कलेक्टर घेऊन जातो. इथे मजुरी देऊन झाल्यावरही बांध मागे उरतो. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, आणि पुढे गावाने रोजगार हमीसारख्या सरकारी योजनांचाच पैसा वापरून डोंगरउतारावर चर खोदले, पाणी अडवलं. शेल्फवर काय ठेवायचं हे गावानेच विचार करून ठरवलं होतं. सगळा फरक तिथे आहे.

आणि हे सगळं आपल्याशी किती संबंधित आहे? पगाराची स्लिप काढा. 'प्रोफेशन टॅक्स' दिसेल, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमीचा पैसा उभा करायला, आणि त्या निधीत सरकारने तेवढीच भर घालायची असं ठरलं. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने पारनेरच्या मजुराच्या कॉलसाठी रिसोर्स राखून ठेवायचा!

तेव्हा पुढच्या वेळी लेझी लिस्ट लिहाल, तर दोन प्रश्न आधी विचारा. फॅक्टरी खरंच तयार आहे का? आणि ज्याला गरज आहे, त्याला कॉल करता येतोय का?