केरेव

केरेव हे हिब्रू भाषेतील एक नाम असून त्याचा मूळ अर्थ शरीराच्या पोकळीतील अवयव, विशेषतः आतडी व कोठा, असा आहे. लक्षणेने ते अंतःकरण, विचारांचे व हेतूंचे स्थान आणि एखाद्या समूहाचा मध्यभाग यांसाठीही वापरले जाते. हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती परंपरेतील जुना करार) ते सुमारे 225 वेळा येते. अक्कादियन भाषेतील ‘आतील भाग’ या अर्थाचा ‘केर्बु’ हा शब्द त्याचा सगोत्र होय.

शब्दाचा शारीर अर्थ यज्ञविधीत स्पष्ट दिसतो. लेवीय ग्रंथाच्या पहिल्या अध्यायानुसार होमबलीच्या पशूचे केरेव आणि पाय पाण्याने धुऊन मग सर्व काही वेदीवर जाळले जाई. शांत्यर्पणात मात्र केरेव झाकणारी चरबी, दोन्ही मूत्रपिंडे आणि काळजावरील पडदा एवढाच भाग वेगळा काढून अग्नीला दिला जाई. वल्हांडण (पासओव्हर) या सणाचे कोकरू डोके, पाय व केरेव यांसह अखंड भाजावे, अशी आज्ञा निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे.

हाच शब्द माणसाच्या मनोव्यापारांनाही लावला जातो. वार्धक्यात पुत्र होणार हे ऐकून अब्राहामाची पत्नी सारा हसते ती आपल्या केरेवात. शलमोन राजाची न्यायबुद्धी त्याच्या केरेवात असल्याचे लोकांना जाणवते. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायातील नव्या कराराच्या वचनानुसार देव आपले नियमशास्त्र लोकांच्या केरेवात ठेवणार असतो. केरेव स्वभावतः पवित्र मात्र नव्हे, कारण पाचव्या स्तोत्रात दुष्टांचे केरेव नाशाने भरलेले म्हटले आहे. ‘बे’ हा उपसर्ग लागून होणारे ‘बेकेरेव’ हे रूप ‘च्या मध्ये’ अशा शब्दयोगी अव्ययासारखे चालते, आणि त्यामुळे देव इस्राएलांच्या मध्ये आहे की नाही, हा वाळवंटातील प्रवासात इस्राएलांनी केलेला प्रश्नही याच शब्दाने विचारला जातो.

भावनांसाठी हिब्रूत इतर अवयवांचीही योजना आहे. ‘मेइम’ म्हणजे आतडी ही कळवळ्याची जागा, ‘केलायोत’ म्हणजे मूत्रपिंडे ही देव पारखतो त्या गूढ हेतूंची, तर ‘लेव’ म्हणजे हृदय हे प्रामुख्याने विचार व निश्चय यांचे स्थान होय. केरेव या सर्वांना सामावणारा व्यापक शब्द आहे. 103व्या स्तोत्राच्या आरंभी कवी आपल्या सर्व ‘केरावाय’ना, म्हणजे आतल्या प्रत्येक अवयवाला, देवस्तवनासाठी हाक देतो; स्वामित्वदर्शक प्रत्यय लागलेले हे अनेकवचनी रूप बायबलमध्ये येथेच आढळते. साबाथच्या सकाळी म्हटल्या जाणाऱ्या ‘निश्मत’ या प्रार्थनेत केरेव आणि मूत्रपिंडे यांनी देवाचे नाव गावे असा आशय असून तिच्यात हे वचनही उद्धृत होते. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या ‘हग्गादा’ या पोथीच्या अनेक पाठांत ही प्रार्थना समाविष्ट आहे.

महाराष्ट्रात हिब्रूचा अभ्यास कोकणातील बेने इस्राएल समाजाशी निगडित आहे. या मराठीभाषक ज्यू समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले, आणि 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा प्रसिद्ध झाली. या समाजाबाहेर, पंडिता रमाबाई यांनी बायबलच्या सुबोध मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर (1922) प्रकाशित झाले.

भाषांतरकाराला केरेवसाठी एकच मराठी प्रतिशब्द पुरत नाही. यज्ञविधीत ‘आतडी’ म्हणावे लागते, तर 103व्या स्तोत्रात प्रचलित मराठी बायबल ‘अंतर्याम’ हा शब्द योजते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच आहे, हे वाचकाला कळत नाही. तथापि आतडे तुटणे, पोटात कालवणे, अपराध पोटात घालणे, काळजाचे पाणी होणे, असे बोलणाऱ्या मराठी भाषकाला त्यामागील कल्पना परकी नाही. देह आणि मन यांची फारकत न करणारी ही दृष्टी ध्यानात घेतली, तर स्तोत्रातील स्तवन केवळ वाणीचे नसून माणसाच्या सबंध देहाचे आहे, हा त्याचा अर्थ नेमका उमगतो.