एका ‘किंवा’ची गोष्ट

मागच्या वेळी आपण वेड्यांच्या इस्पितळांपर्यंत आलो होतो. आज त्यात मूल कुठे होतं, एवढंच पाहू.

१९१२ च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टमध्ये ‘ल्युनॅटिक’ म्हणजे मतिमंद किंवा विकल मनाचा माणूस. आम्ही तत्त्वज्ञानवाले व्याख्येवरून तासन्‌तास भांडतो, लोक हसतात. इथे मात्र एका ‘किंवा’ने बुद्धीने मंद असलेलं पोर आणि भ्रम होणारा प्रौढ एकाच शब्दात, म्हणजे एकाच फाटकाआड जाऊ शकत होते.

दुसरं दार मुंबईत उघडलं, १९३७ साली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कच्या बालमार्गदर्शन केंद्रात. आजची ‘टिस’ ती हीच. पण एका शहरात एक दार. बाकी मुलखाचं काय?

१९८७ च्या कायद्याने मतिमंदत्व वेगळं काढलं. सोळा वर्षांखालच्यांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालये ‘स्थापन करता येतील’ असंही म्हटलं. ‘येतील’चं सरकारदरबारी काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे!

२०१७ च्या कायद्याने उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला. अल्पवयीनाला दाखल केलं तर प्रौढांपासून वेगळं ठेवायचं, पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने सोबत राहायचं, ७२ तासांत मंडळाला कळवायचं. उत्तमच. पण अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाचा प्रतिनिधी म्हणजे कायदेशीर पालकच. मंडळ तो बदलू शकतं. मंडळापर्यंत पोचणार कोण? जिच्या दुखण्याचं मूळच घरात आहे, त्या सतरा वर्षांच्या मुलीने कुणाचा हात धरून यायचं?