इंजिन नॉकिंग

इंजिन नॉकिंग म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमधील इंधन व हवेच्या मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटण्याची क्रिया होय. तिच्यामुळे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा टणटणीत आवाज येतो. हा आवाज टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन क्रमांकाने मोजली जाते. बोलचालीत इंजिनाच्या कोणत्याही खटखटीला नॉकिंग म्हटले जात असले, तरी झडपा, बेअरिंग, पट्टा व सायलेन्सर यांचे आवाज वेगळ्या कारणांनी होतात आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने ते थांबत नाहीत.

स्वरूप व कारणे

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. सामान्य ज्वलनात ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे क्रमाने पसरते. ती पसरत असताना पुढचे न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले जाऊन तापते. हे तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास उरलेले मिश्रण एकदम पेटते व दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. टणटण आवाज या लहरींचा असतो.

संपीडन गुणोत्तर जितके जास्त, तितकी नॉकिंगची शक्यता अधिक असते. कमी ऑक्टेनचे इंधन, ठिणगी वेळेआधी पडणे, ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, तापलेले इंजिन, आत येणारी उष्ण हवा आणि कमी फेऱ्यांवर पडणारा मोठा भार ही इतर कारणे आहेत. दीर्घकाळ तीव्र नॉकिंग चालू राहिल्यास पिस्टनचा माथा खरवडला जाणे, रिंगांमधील भाग तुटणे व हेड गॅसकेट जळणे असे नुकसान होते.

ठिणगीपूर्वी एखाद्या लालबुंद कार्बनकणामुळे वा तापलेल्या प्लगमुळे मिश्रण पेटणे यास पूर्वप्रज्वलन म्हणतात. ते नॉकिंगपेक्षा निराळे असले, तरी एक दुसऱ्यास कारण ठरू शकते.

ऑक्टेन क्रमांक

या मापनात आयसो-ऑक्टेन या हायड्रोकार्बनला १०० व एन-हेप्टेनला ० गुण दिलेले आहेत. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग एन-हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच नॉकिंगला विरोध करत असेल, तर त्याचा ऑक्टेन क्रमांक ९१ असतो. चाचणी बदलत्या संपीडन गुणोत्तराच्या एक-सिलिंडर प्रमाणित इंजिनावर होते. रिसर्च पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, तर मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर व अधिक उष्ण मिश्रणावर चालवतात. त्यामुळे मोटर क्रमांक सहसा कमी येतो.

भारतात व युरोपात पंपावर रिसर्च क्रमांक सांगितला जातो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून अमेरिकेतील ८७ क्रमांकाचे पेट्रोल साधारणपणे भारतातील ९१ च्या जवळपास येते.

ऑक्टेन क्रमांक इंधनातील ऊर्जा दाखवत नाही. शुद्ध इथेनॉलचा रिसर्च क्रमांक १०० हून अधिक आहे, तरी एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते.

इतिहास

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी व अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली यांनी नॉकिंगचा अभ्यास केला. डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना टेट्राएथिल लेडमुळे नॉकिंग थांबत असल्याचे आढळले व १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. ऑक्टेन मोजपट्टी ग्रॅहम एडगर यांनी १९२० च्या दशकात मांडली.

शिसे आरोग्यास घातक असल्याने व ते उत्प्रेरक परिवर्तक निकामी करत असल्याने पुढे ते वगळण्यात आले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवल्यावर जगभरातील मोटारींसाठीचा त्याचा वापर संपुष्टात आला.

इतर आवाजांपासून फरक

आवाज केव्हा येतो व केव्हा थांबतो, हा निदानाचा पहिला आधार आहे.

नॉकिंग: चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टणटण ऐकू येते. पाय उचलताच किंवा खालचा गिअर टाकताच ती थांबते.

टॅपेटचा आवाज: मोकळीक वाढल्याने होणारी हलकी, नियमित टिकटिक. ती जागेवर उभ्या गाडीतही ऐकू येते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने तिची लयही निम्मी असते. ऑइलची पातळी कमी असल्यासही असा आवाज होतो.

पिस्टनचा आवाज: थंड इंजिन सुरू करताना येणारी व इंजिन तापल्यावर कमी होणारी बोदी ठकठक. पिस्टन व सिलिंडर यांच्यातील झीज हे तिचे कारण असते.

बेअरिंगचा आवाज: कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्यास खोल, जड ठोके ऐकू येतात व फेऱ्यांबरोबर वाढतात. सोबत ऑइलच्या दाबाचा दिवा लागल्यास इंजिन तात्काळ बंद करणे आवश्यक असते, अन्यथा रॉड तुटून ब्लॉक फुटू शकतो.

पट्ट्याचा आवाज: ओलसर सकाळी इंजिन सुरू करताच येणारी चिरचिर. पट्टा कोरडा झाल्यावर ती बहुधा जाते.

एक्झॉस्टची गळती: गॅसकेट जळाल्यास वा सायलेन्सर गंजल्यास होणारी फटफट. सुरुवातीला ती टॅपेटच्या आवाजासारखी भासते.

यांपैकी केवळ पहिल्या आवाजावर इंधनाच्या प्रतीचा परिणाम होतो. बेअरिंगचे ठोके नॉकिंग समजून महाग पेट्रोल भरत राहिल्यास दुरुस्तीची वेळ निघून जाते. याउलट नॉकिंग हा बेअरिंगचा दोष समजल्यास इंजिन विनाकारण उघडले जाते.

आधुनिक इंजिनांवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. विशिष्ट कंपन जाणवताच नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. अशा गाडीत कमी ऑक्टेनचे इंधन भरल्यास आवाज न येता केवळ ओढ व मायलेज कमी होऊ शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते व इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. ते लवकर पेटणे इष्ट असल्याने तेथे ऑक्टेनऐवजी सीटेन क्रमांक महत्त्वाचा ठरतो. थंड डिझेल इंजिनाची थोडी खटखट स्वाभाविक मानली जाते.

भारतातील इंधनाच्या प्रती

भारतात साधे पेट्रोल दीर्घकाळ ९१ ऑक्टेनचे होते व ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल अधिक किमतीला विकले जात असे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने मुंबई व पुण्यासह दहा शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची (ई२०) विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. भारतीय मानकानुसार ई२० चा ऑक्टेन क्रमांक किमान ९५ असतो.

त्यामुळे जुन्या गाड्यांत साध्या पेट्रोलवर नॉकिंग होण्याची शक्यता घटली आहे. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज होता. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील यांवरही इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो.

गाडीच्या पुस्तिकेत दिलेला किमान ऑक्टेन क्रमांक हा निवडीचा मुख्य निकष आहे. त्याहून अधिक क्रमांकाच्या इंधनाने सामान्य इंजिनास विशेष लाभ होत नाही. टर्बोचार्जर किंवा उच्च संपीडन असलेल्या काही इंजिनांना मात्र ते आवश्यक असते.

भेसळ

केरोसीनचा ऑक्टेन क्रमांक फार कमी असल्याने त्याची भेसळ झालेल्या पेट्रोलवर नॉकिंग होते. नव्याने इंधन भरल्यावर लगेच टणटण सुरू झाल्यास भेसळीची शक्यता तपासली जाते. ग्राहकास पंपावर गाळणकागदाची चाचणी व घनता पाहण्याची मागणी करता येते. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावर डाग न ठेवता उडून जातो. इंधनभेसळीचा प्रश्न महाराष्ट्रात जीवघेणाही ठरला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीविरुद्ध कारवाई करताना अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून ठार मारण्यात आले.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील परिस्थिती

मालवण, वेंगुर्ले व देवगड हे तालुके समुद्रसपाटीवर असल्याने तेथील हवा घाटमाथ्यापेक्षा दाट असते. दाट हवेत सिलिंडरमधील दाब वाढतो, म्हणून नॉकिंगची शक्यता घाटमाथ्यापेक्षा किंचित अधिक राहते. हवेतील दमटपणा मात्र ती काहीशी कमी करतो.

खरी कसोटी घाटांत लागते. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा आंबोली घाट, वैभववाडीहून गगनबावड्यास जाणारा करूळ घाट आणि कणकवलीहून कोल्हापूरकडे जाणारा फोंडा घाट यांत भरलेली गाडी कमी फेऱ्यांवर चढते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. अशा चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत ठेवल्यास टणटण सुरू होते. वेळीच खालचा गिअर टाकणे हा इंधन बदलण्याआधीचा उपाय आहे.

खाऱ्या हवेमुळे सायलेन्सर व एक्झॉस्टचे जोड लवकर गंजतात. परिणामी या भागात इंजिनाचा म्हणून वाटणारा आवाज प्रत्यक्षात एक्झॉस्टचा असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तसेच मालवण व तारकर्ली येथील पर्यटक होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांच्या पेट्रोलवरील आउटबोर्ड इंजिनांच्या टाकीत इथेनॉलमिश्रित इंधन राहिल्यास व झाकणातून पाणी शिरल्यास इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक घटतो. तळाचा थर इंजिनात ओढला गेल्यास ते अडखळते वा बंद पडते, आणि भर समुद्रात ते होडीस धोकादायक ठरते. म्हणून हंगाम संपताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे आणि नव्या हंगामात ताजे इंधन भरणे हितावह असते.

हेही पाहा

अंतर्ज्वलन इंजिन
पेट्रोल
इथेनॉल
सीटेन क्रमांक
आंबोली घाट