लेदर जॅकेट : आधी वाऱ्यासाठी, मग रस्त्यासाठी

आजचा विषय बाईकवाल्यांच्या जिव्हाळ्याचा. लेदर जॅकेट. आपल्याला वाटतं, पडल्यावर अंग सोलवटू नये म्हणून ते निघालं असणार. पण माझ्या मते पडण्याचा नीट विचार या जॅकेटच्या गोष्टीत फार उशिरा आला. आणि आज खरेदी करताना आपण नेमके तिथेच फसतो.

साल १९२८, न्यूयॉर्क. अर्विंग शॉट नावाच्या गृहस्थाने मोटरसायकलवाल्यांसाठी जॅकेट काढलं आणि आपल्या आवडत्या सिगारवरून नाव ठेवलं ‘परफेक्टो’. हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळायचं. कातडं घोड्याचं, आणि बटणांऐवजी झिप! ती झिप तिरकी का, माहितीये? छातीवर एक पदर दुसऱ्यावर चढतो, त्यामुळे समोरचा वारा आत घुसत नाही. जाड कातड्याने खरचटणं वाचायचं, हे खरंच. पण खांद्याला, कोपराला आतून पॅड? नाव नको.

मग ब्रिटिश रेसर जेफ ड्यूक. तेव्हाचे रेसर दोन तुकड्यांचे सैल लेदर कपडे घालायचे आणि ते वाऱ्यात फडफडायचे. याने आपल्या सेंट हेलेन्स गावातल्या शिंप्याकडून अंगाला घट्ट बसणारा एकसंध सूट शिवून घेतला. १९५० मध्ये आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. बघा, इथेही हिशोब वेगाचाच!

१९५३ मध्ये ‘द वाइल्ड वन’ आला. मार्लन ब्रँडो, बाईक, काळं जॅकेट. झालं! अमेरिकेतल्या काही शाळांनी असल्या जॅकेटवर बंदी घातली, म्हणजे पोरांना ते आणखीच हवंसं झालं. आता ते घालायला बाईक असायचीही गरज उरली नाही. आज मॉलमध्ये टांगलेलं मऊसूत ‘बायकर जॅकेट’ याच वंशातलं.

रस्त्याचा विचार करणारी वाट वेगळी. इटलीत लिनो डायनेझेने १९७२ मध्ये मोटोक्रॉसच्या लेदर पँटपासून सुरुवात केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्याकडे पाठीचा कणा जपणारं कवच तयार झालं, लॉबस्टरच्या पाठीसारखं एकावर एक खवले असलेलं. रेसर बॅरी शीनने ते वापरून बघितलं. पुढे युरोपात कपड्यांच्या चाचण्या ठरल्या. आताच्या ईएन १७०९२ चाचणीत कापडाचा तुकडा गरगर फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि भोक पडतं का ते बघतात. त्यावरून ए, एए, एएए असे दर्जे. एएए सगळ्यात कणखर.

आता आपल्याकडे या. धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडला लेदरच्या दुकानांची रांग आहे. माल सुंदर. पण दुकानदाराला सरळ विचारा, ‘रायडिंगचं की फॅशनचं?’ फॅशनचं कातडं बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा पातळ, रायडिंगचं साधारण १.२ ते १.४. मी आधी शिवण उलटून बघतो, कारण कातडं टिकतं आणि दोरा उसवतो. खांद्या-कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. दोन जास्त चांगली. जॅकेट घालून बाईकवर बसल्यासारखे हात पुढे करा आणि कोपराचं पॅड धरून फिरवून बघा. ते सरकलं, तर जॅकेट कितीही भारी दिसू दे, परत हँगरवर लावा.