चाकांवरील अश्वशक्ती

चाकांवरील अश्वशक्ती म्हणजे मोटारीच्या इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीपैकी गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल आणि टायर यांत होणारी घट वजा जाता प्रत्यक्ष रस्त्यापर्यंत पोहोचणारी शक्ती होय. उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, प्रयोगशाळेत आणि ठरावीक हवामान गृहीत धरून काढलेला असतो. त्यामुळे हे दोन आकडे कधीच सारखे येत नाहीत. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या आलिशान सेडान मोटारींमध्ये शक्तीचा मार्ग लांब असल्याने हा फरक मोजणे अधिक अवघड ठरते.

एकके

अश्वशक्ती हे एकक जेम्स वॅट याच्या काळापासून वापरात आहे. ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॅट, तर युरोपीय अथवा मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅट इतकी असते. एका सेकंदात ७५ किलोग्रॅम वजन १ मीटर उचलण्यास लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. भारतातील जाहिरातींत ‘पीएस’, ‘बीएचपी’ आणि किलोवॅट ही तिन्ही एकके सर्रास आढळतात. २७० किलोवॅट म्हणजे ३६७ पीएस, पण ३६२ बीएचपी. एकक न पाहता केलेली तुलना येथेच पाच अश्वशक्तींनी चुकते.

शक्ती थेट मोजली जात नाही. टॉर्क आणि फिरण्याचा वेग मोजून तिचे गणित केले जाते. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि वेग मिनिटाला फेऱ्यांमध्ये घेतल्यास त्यांच्या गुणाकाराला ९५४९ ने भागून किलोवॅट मिळतात.

मापनाची साधने

चाकांवरील शक्ती मोजणाऱ्या यंत्रास चॅसिस डायनॅमोमीटर, बोलीभाषेत ‘डायनो’, म्हणतात. मोटार पट्ट्यांनी घट्ट बांधून तिची चाके रोलरवर ठेवली जातात. जडत्वावर चालणाऱ्या प्रकारात जड रोलर किती लवकर वेग घेतो यावरून शक्ती काढतात. दुसऱ्या प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेक रोलरला रोखतो व त्यावरील बल मोजले जाते, त्यामुळे एकाच वेगावर इंजिन स्थिर ठेवूनही तपासता येते. तिसऱ्या प्रकारात चाके काढून यंत्र थेट हबला जोडतात. त्यात टायर नसल्याने टायरची घसरण व त्याच्या दबण्यातून होणारी घट आकड्यात येत नाही. साहजिकच, तीच मोटार हबवर जास्त आणि रोलरवर कमी शक्ती दाखवते.

रोलरवर टायरमधील हवेचा दाब व पट्ट्यांचा ताण यांनीही आकडा बदलतो. पट्टे आवळले की टायर रोलरवर अधिक दबतो आणि शक्ती खातो. एकाच मोटारीच्या दोन चाचण्यांत काही अश्वशक्तींचा फरक पडला, तर दोष इंजिनाचा असेलच असे नाही.

सर्वचाकी सेडानची अडचण

ऑडी कंपनीने १९८० मध्ये ‘क्वाट्रो’ ही सर्वचाकी प्रणाली आणली. बीएमडब्ल्यूची ‘एक्सड्राइव्ह’ आणि मर्सिडीज-बेंझची ‘फोरमॅटिक’ याच वर्गातील होत. काही मोटारींत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये यांत्रिक डिफरन्शियल असतो, काहींत संगणकाने आवळला-सोडला जाणारा अनेक चकत्यांचा क्लच असतो. दोन चाकांच्या रोलरवर अशी मोटार चालवल्यास एक ॲक्सल फिरते व दुसरे थांबलेले राहते. मधल्या डिफरन्शियलवर किंवा क्लचवर त्याचा मोठा ताण पडून तो निकामी होऊ शकतो. शिवाय चाकांच्या वेगातील तफावत पाहून स्थैर्य नियंत्रण प्रणाली ‘गाडी घसरते आहे’ असे समजते आणि इंजिनाची शक्ती तोडते.

म्हणून चार रोलरचे यंत्र लागते, आणि पुढचे व मागचे रोलर पट्ट्याने, शाफ्टने किंवा विद्युत नियंत्रणाने एकाच वेगाने फिरवावे लागतात. रोलरमधील अंतर मोटारीच्या व्हीलबेसनुसार जुळवावे लागते.

गिअरची निवडही महत्त्वाची आहे. शक्यतो १:१ च्या जवळचा गिअर घेतात. अनेक आलिशान सेडानमध्ये आढळणाऱ्या झेडएफ कंपनीच्या आठ गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तो सहावा असतो. त्या गिअरमध्ये इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत नेल्यास रोलरवरील वेग बराच वाढतो. चाचणीच्या मध्येच गिअरबॉक्स आपोआप खाली उतरला, तर आलेख निरुपयोगी होतो.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत आणखी एक बाब आहे. धावत्या मोटारीच्या इंटरकूलरवर वारा येतो, बंद खोलीत पंख्यावर भागवावे लागते. एकामागून एक चाचण्या घेतल्यास आत जाणारी हवा तापते, इंजिनाचा संगणक प्रज्वलन मागे घेतो आणि प्रत्येक वेळी शक्ती कमी दिसते.

टक्केवारीचा प्रश्न

चाकांवरील आकड्यावरून इंजिनाची शक्ती उलट काढण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि बहुतेक वाद तिच्यातूनच निर्माण होतात. समजा, सर्वचाकी सेडानच्या चाकांवर ३०० पीएस मोजले गेले. घट १५ टक्के धरली तर इंजिन ३५३ पीएसचे ठरते, २० टक्के धरली तर ३७५ चे आणि २५ टक्के धरली तर थेट ४०० चे. मोजलेली राशी एकच, निष्कर्ष मात्र तीन. ‘सर्वचाकीला इतके टक्के’ असा कोणताही भौतिक नियम नाही. तेल घुसळण्यात व बेअरिंगमध्ये जाणारी शक्ती मुख्यतः वेगावर अवलंबून असते, तर दात्यांच्या घर्षणातील घट भाराबरोबर वाढते. त्यामुळे इंजिनाची शक्ती वाढवल्यावर घट त्याच प्रमाणात वाढत नाही.

काही यंत्रे चाचणी संपताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकून रोलर किती लवकर मंदावतात ते पाहतात आणि त्यावरून घट मोजतात. ही पद्धत ठोकळ टक्केवारीपेक्षा चांगली, परंतु त्या वेळी गिअरवर भार नसल्याने भारासोबत वाढणारी घट तिच्यातून निसटते. डायनोचा सर्वांत विश्वासार्ह उपयोग तुलनेसाठी होतो: तीच मोटार, तेच यंत्र, तोच गिअर, दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर.

हवामानाची दुरुस्ती: बुलढाण्याचे उदाहरण

इंजिनाची शक्ती हवेच्या घनतेवर अवलंबून असल्याने मोजलेला आकडा प्रमाण हवामानाशी जुळवून घेतात. एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश सेल्सिअस तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब प्रमाण मानला आहे. जुन्या जर्मन डीआयएन ७००२० मानकात २० अंश व १०१.३ किलोपास्कल धरले जात.

बुलढाणा जिल्ह्याची ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ तालुके ही नेहमीची विभागणी येथे नेमकी उपयोगी पडते. अजिंठा डोंगररांगेवरील बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब गणिताने सुमारे ९४ किलोपास्कल येतो. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याच्या सखल भागात, पावणेतीनशे मीटर उंचीच्या आसपास, तो ९८ च्या जवळ जातो. म्हणजे केवळ घाट चढल्याने, तापमान तेच असेल तर, हवेची घनता चार टक्क्यांहून अधिक घटते. बुलढाण्यात ३५ अंश तापमानाला एसएई सूत्राने मोजलेल्या आकड्यात सुमारे १० टक्के भर घालावी लागते. हे सूत्र १५ ते ३५ अंशांसाठीच आहे. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी ते त्याच्या मर्यादेबाहेर जाते.

खरी मेख टर्बो इंजिनांत आहे. बाहेरचा दाब कमी झाला, तर टर्बोचार्जर अधिक वेगाने फिरून बरीचशी भरपाई करतो. अशा मोटारीने दहा टक्के शक्ती गमावलेलीच नसते, पण सूत्र ती परत ‘देते’ आणि छापील आलेखात शक्ती फुगलेली दिसते. म्हणून दुरुस्त केलेल्या आकड्याशेजारी मूळ आकडा आणि दुरुस्तीचा गुणक मागून घेणे आवश्यक ठरते.

रस्त्यावरील मापन

वजन आणि वेगवाढ माहीत असल्यास डायनोशिवायही अंदाज काढता येतो. वजन वजनकाट्यावर चालकासह करावे, माहितीपत्रकातील घेऊ नये. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत काट्याची वानवा नसते. समजा, १९०० किलोग्रॅमची सेडान ताशी ६० वरून १०० किलोमीटर वेग ४ सेकंदांत घेते. गतिज ऊर्जेतील वाढ सुमारे ४.६९ लाख ज्यूल, म्हणजे सरासरी ११७ किलोवॅट. हवेचा व टायरचा विरोध मिळून ८ किलोवॅट धरल्यास चाकांवर सरासरी १२५ किलोवॅट, अर्थात १७० पीएस. ही सरासरी आहे, कमाल नव्हे. रस्त्याला एक टक्का चढ असला तरी साडेपाच पीएसची चूक होते, म्हणून दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढतात. अशा चाचण्यांची जागा बंदिस्त धावपट्टीवरच आहे. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथील नॅट्रॅक्स केंद्रात ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी आहे.

जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. दोन टनांची, निमुळत्या आकाराची सेडान त्या वेगाने सपाटीवर चालवण्यास चाकांवर साधारण २६ पीएस पुरतात. उरलेली शक्ती वेगवाढीसाठी आणि चढासाठी असते.

महाराष्ट्रातील संबंध

पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या प्रमाणीकरणाचे प्रमुख केंद्र आहे. मर्सिडीज-बेंझच्या चाकण प्रकल्पात एस ४५० फोरमॅटिक ही ३६७ पीएसची सेडान जोडली जाते. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे ऑडीच्या मोटारी जोडल्या जातात, परंतु त्यांतील प्रत्येक सेडान सर्वचाकी नसते. अलीकडची ए४ भारतात पुढील चाकांवर चालणारी म्हणून विकली गेली. चाचणीपूर्वी हे पाहिले नाही, तर घटीचा सगळा हिशेबच चुकतो.

चाकण येथे २०२२ पासून जोडल्या जाणाऱ्या ईक्यूएस ५८० या विजेवरील सर्वचाकी सेडानमध्ये दोन्ही ॲक्सलना स्वतंत्र मोटर आहेत, मधला शाफ्ट नाही. तेथे घट मुख्यतः एकगती गिअर आणि टायर यांत होते. मात्र कमाल शक्ती बॅटरीची भरणपातळी व तापमान यांनुसार बदलत असल्याने चाचणीच्या नोंदीत या दोन्ही बाबी लिहाव्या लागतात.