शंभरीनंतर बोललेला शिपाई

६ ऑगस्ट २००९. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स या छोट्याशा गावी आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. एवढी गर्दी, पण आवाज नाही. हॅरी पॅच नावाच्या १११ वर्षांच्या आजोबांची अंत्ययात्रा चालली होती. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेला हा शेवटचा ब्रिटिश शिपाई. २५ जुलैला तो गेला.

खरं सांगते मंडळी, मी नुसती बघायला म्हणून गेले होते. परत आले ती मात्र एक रुखरुख घेऊन.

हॅरीचा जन्म १७ जून १८९८चा, बाथजवळच्या कूम डाउनचा. धंद्याने प्लंबर. हौसेने नव्हे, तर सक्तीच्या भरतीमुळे तो सैन्यात गेला. बेल्जियममध्ये पाशेंडेलच्या चिखलात पाच जणांची त्यांची लुईस मशीनगनची तुकडी होती. शक्यतो कोणाला जिवे मारायचं नाही, असं या पाचांनी आपसांत ठरवलं होतं. एक जर्मन संगीन रोखून अंगावर आला, तेव्हा हॅरीने त्याच्या खांद्यावर आणि पायावर गोळ्या झाडल्या; जीव घेतला नाही. २२ सप्टेंबर १९१७च्या रात्री त्यांच्यावर तोफगोळा फुटला. तिघं मित्र जागीच गेले, हॅरी जखमी होऊन वाचला.

घरी आल्यावर त्याने पुन्हा प्लंबिंगची हत्यारं हातात घेतली. लग्न केलं, संसार केला, पण युद्धाबद्दल ऐंशी वर्षं अवाक्षर काढलं नाही! बायकोजवळसुद्धा नाही. शंभरी गाठल्यावर, १९९८मध्ये, लोक विचारायला आले तेव्हा कुठे तो बोलायला लागला. २००४ साली तो शार्ल क्युन्ट्झ या जर्मन बाजूने लढलेल्या म्हाताऱ्याला भेटला. दोघांनी हातात हात घेतले. स्वतःच्या अंत्यविधीला एकही शस्त्र नको, शोभेचंसुद्धा नको, असं त्याने सांगून ठेवलं होतं. म्हणून त्या दिवशी शवपेटी उचलणारे ब्रिटिश सैनिक आणि सोबत चालणारे बेल्जियन, फ्रेंच, जर्मन सैनिक, सगळे निःशस्त्र होते.

त्या शांततेत मला एकदम माझे पणजोबा आठवले. साताऱ्याकडचे. घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, "ते बसऱ्याला गेले होते." बस्स!

त्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत. आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. त्यानंतरच्या कैदेत हजारो मेले.

घरी येऊन मी साताऱ्याला अण्णांना फोन लावला. म्हटलं, "अण्णा, पणजोबा कुतला होते का हो?"

"काय की गं. पण ताटात भाकरीचा तुकडा राहिला की आजोबा लई चिडायचे. तेवढ्यासाठी माझ्या पाठीत धपाटा बसलाय."

"मग तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाले, "कोणीच नाही विचारलं गं."

हॅरीला उशिरा का होईना, विचारणारं कोणीतरी भेटलं. त्याचे ते तीन मित्र आज आपल्याला ठाऊक आहेत, ते तो बोलला म्हणून. माझ्या पणजोबांचे मित्र कोण होते, किती परत आले, हे कायमचं गेलं. उरला तो भाकरीचा तुकडा.

म्हणून या दिवाळीला देशात फोन लावाल, तेव्हा "तब्येत कशी आहे?" यावर थांबू नका. आजी-आजोबांना एक तरी जुनी गोष्ट विचारा. मुलांना शेजारी बसवा, आणि जमलं तर लिहून ठेवा.