‘घर विकणे आहे’

न्यू जर्सी म्हटलं की आपल्याला एडिसन आणि ओक ट्री रोड आठवतो. पण त्याच राज्यात फिलाडेल्फियाच्या बाजूला विलिंगबरो नावाची टाऊनशिप आहे. तिकडे टाऊनशिप म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेलं गाव. अर्थात हे गाव आजच्या रूपात वसवलं ते बिल्डरनेच!

१९५८ मध्ये विल्यम लेव्हिटने इथली घरं विकायला काढली आणि सरळ जाहीर केलं, कृष्णवर्णीयांना घर मिळणार नाही. का, तर गोरं गिऱ्हाईक पळेल. (‘आम्हाला चालेल हो, पण सोसायटीतले बाकीचे मेंबर...’ ओळखीचं वाटतंय ना?) पण सरकारी हमीच्या कर्जावरच्या घरांत भेदभाव करायला राज्याच्या कायद्याने बंदी होती. विली जेम्स आणि फ्रँकलिन टॉड यांनी तक्रार केली आणि १९६० मध्ये लेव्हिट राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरला.

खरी गंमत पुढे आहे. १९६० मध्ये गावात बिगरगोरे होते जेमतेम ६०. १९७० पर्यंत ते पाच हजारांवर गेले, १९७३ मध्ये १८.२ टक्के झाले. त्याच तीन वर्षांत गोरे जवळजवळ दोन हजारांनी घटले. कौन्सिलला धास्ती बसली. एका अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी दिसली की शेजारी घाबरतो, तोही पाटी लावतो... म्हणून १९७४ मध्ये पाट्यांवरच बंदी! हेतू चांगला होता, गाव मिश्र राहावं. पण एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

लिनमार्क नावाच्या कंपनीला तिथली आपली मालमत्ता विकायची होती, तिने दावा लावला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८-० ने बंदी रद्द केली. निकाल लिहिला थर्गुड मार्शलने. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५४ चा गाजलेला खटला लढवणारा वकील, पुढे त्या कोर्टातला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश, तोच हा. गाव मिश्र ठेवायचा हेतू त्याला मान्य होता. पण घबराट पसरल्याचं कौन्सिलला सिद्ध करता आलं नव्हतं, आणि लोक चुकीचा निर्णय घेतील म्हणून खरी माहिती दडवायची, हे त्याला पटेना. मलाही त्याचंच पटतं.

पुढे बरेच गोरे गेलेच. १९७० ची ४३ हजारांची वस्ती आता ३२ हजारांच्या आसपास आहे. बहुसंख्य कृष्णवर्णीय, सोबत गोरे आणि हिस्पॅनिकही. धावपटू कार्ल लुईस इथेच वाढला. बाकी गावाला मध्यंतरी ‘लेव्हिटाउन’ असं नाव पडलं होतं, ते १९६३ मध्येच लोकांनी मतदान करून काढून टाकलं.